हौसेसाठी अ‍ॅप शिकायचं तर थेट फ्लटर, की आधी कॉटलिन-स्विफ्ट?

खटपट्या:
माझं मत सरळ आहे. नोकरीसाठी नाही, नुसती हौस म्हणून शिकायचंय ना, मग थेट फ्लटर घ्या, गूगलचं ते एकाच कोडमधून सगळीकडची अ‍ॅप बनवायचं साधन. २०२२ पासून ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर स्टेबल आहे, म्हणजे एकदा लिहिलेलं फोनवरही चालतं आणि डेस्कटॉपवरही. आधी अँड्रॉइडची भाषा कॉटलिन, मग आयफोनची स्विफ्ट, मग डेस्कटॉपसाठी अजून तिसरंच काहीतरी असं करत बसलात तर हौस वाटेतच संपते. आणि रंग बदलून सेव्ह केलं की लगेच स्क्रीनवर दिसतो, ते हॉट रीलोड एकदा हाताला लागलं की सुटत नाही.

रातकिडा:
अजिबात पटलं नाही. फ्लटर साधं बटणसुद्धा स्वतःच रंगवतं, सिस्टीमचं वापरतच नाही, त्यामुळे खाली काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. अँड्रॉइडवर कॉटलिनमध्ये साधा काउंटर करून बघा, आकडा नुसत्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, फोन आडवा करा, आकडा परत शून्य! कारण आख्खी अ‍ॅक्टिव्हिटी (म्हणजे तो स्क्रीन) मोडून नव्याने बनते. लाइफसायकल, म्हणजे स्क्रीन कधी बनतो नि कधी मोडतो, डोक्यात बसते ती अशी. फ्लटरमध्ये हे झाकलेलं राहतं आणि एखादं प्लगिन (बाहेरून जोडलेला तयार कोड) अडलं की शेवटी कॉटलिनच उघडावं लागतं.

खटपट्या:
अडेल तेव्हा उघडू की. पहिल्याच आठवड्यात लाइफसायकल वाचून किती जण पळतात ते बघितलंय.

आळशी_उंट:
दोघांचं चालू दे, पण नवशिक्याने मोबाईलपासून सुरुवातच का करायची म्हणतो मी. पायथन टाकलं की टीकिंटर (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) बहुतेक वेळा सोबतच येतं, थोड्या ओळींत खिडकी उघडते, अँड्रॉइडचा कोड जुळवून अ‍ॅप बनवणाऱ्या ग्रेडलची कटकट नाही, एमुलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) रॅम खात नाही. आयफोनसाठी तर मॅकशिवाय पान हलत नाही, आणि अ‍ॅपलच्या फुकटच्या अकाउंटवरून स्वतःच्याच फोनवर टाकलेलं अ‍ॅप ७ दिवसांनी उघडायचं बंद, परत टाका. प्ले स्टोअरवर नवीन वैयक्तिक अकाउंट असेल तर सगळ्यांसाठी टाकण्याआधी १२ टेस्टर (वापरून बघणारे) सलग १४ दिवस हवेत. हौशी माणसाने १२ जण कुठून धरून आणायचे?

खटपट्या:
स्टोअरवर टाकायचंच कशाला? एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) बनवा, आपल्या फोनवर टाका, वापरा. टीकिंटरचं खिशात घेऊन फिरता येतं का सांग.

रातकिडा:
एपीकेचं मान्य. पण 'दोन्हीकडे चालतं' हे अर्धंच खरं आहे. डेस्कटॉपवर माणूस राइट क्लिक करतो, टॅब दाबत पुढे जातो, खिडकी ओढून लहान-मोठी करतो, आणि तुमचं अ‍ॅप म्हणजे ताणलेला फोन, मधे एक बटण आणि बाजूला रिकामं मैदान. कोड एक असला तरी हे वेगळं लिहावंच लागतं.

खटपट्या:
लिहितो ना, पण फ्लटरच्या त्याच डार्ट भाषेत. तुझ्यासारखं त्यासाठी दुसरी भाषा शिकायला नको.

आळशी_उंट:
आणि मी अजून ग्रेडल सिंक संपायची वाट बघतोय.