मदत हवी आहे : आईच्या खात्यातून महिन्याला 10,000 च्या वर निघेनात

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापुरात विडी घरकुलला (विडी कामगारांच्या वसाहतीत) राहतो, आई विड्या वळते. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी घरावरचे पत्रे बदलायचे म्हणून तिच्या खात्यातून 25,000 काढायला गेलो तर काउंटरवरचे साहेब म्हणाले हे ‘छोटं खातं’ आहे, काढणं आणि ट्रान्सफर मिळून महिन्याला 10,000 च्या वर जाणार नाही, शिल्लक 50,000 पर्यंतच आणि वर्षाची जमा 1 लाख. मला वाटलं एटीएमचं लिमिट असेल म्हणून स्लिप भरून बघितली, तेच उत्तर. खातं उघडताना नुसता फोटो आणि अंगठा घेतलेला, तेव्हा कुणी बोललं नाही की हो! फुल केवायसी (ओळख-पत्त्याची पूर्ण पडताळणी) केली की लिमिट जातं म्हणे, पण खरी गोची तिथंच आहे, 30 वर्षं पानं कापून आईच्या बोटांच्या रेषाच झिजल्यात, चार वेळा पदराला पुसून अंगठा दाबला तरी मशीन घेईना. डोळ्यांच्या स्कॅनवर नाहीतर आधारच्या ओटीपीवर कुणी केवायसी करून घेतलीय का? सोबत अजून काय कागद न्यायचे? पत्रेवाल्याला ॲडव्हान्स देऊन बसलोय, तो रोज फोन करतोय, जरा लवकर सांगा.