सरावात ५६५, स्पर्धेत ५४०

प्रश्न: मी दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. सरावात ६०० पैकी ५६५ येतात, स्पर्धेत ५४० वर गाडी अडते. एका शॉटला दहापैकी आठच पडले की बोट ट्रिगरवर गोठतं, डोळे स्क्रीनवरच्या बेरजेकडे धावतात. काय करू?

उत्तर: ताई, बेरीज बघणं आधी सोडा. बेरजेच्या धास्तीने आपण बोटाकडे बघायला लागतो, आणि अंगवळणी पडलेल्या हालचालीवर मुद्दाम लक्ष ठेवलं की ती बिघडते. प्रत्येक शॉटला एकच क्रम: पकड, लांब उच्छ्वास, मग नजर फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर.

उत्तर: धडधड पूर्ण घालवू नका. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांचा १९०८ चा नियम हेच सांगतो: थोडा ताण कामाचा, अति झाला की नाजूक काम आधी बिघडतं.

प्रश्नकर्ती: काल आठ पडला. पिस्तूल टेबलावर ठेवलं, श्वास सोडला, परत उचललं. पुढचा दहा! खूप आभार.