शहाबादची एक तरी खाण बुजवू नये. पटतंय का?

ओसरीवरचा: आपल्या जुन्या घरांत मोरीपासून माजघरापर्यंत जी निळसर-करडी फरशी असायची, ती कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादकडची. तिथल्या बंद खाणींपैकी एखादी, तिची उभी भिंत दिसेल अशी, राखून ठेवावी असं माझं मत आहे. हा भीमा खोऱ्यातला चुनखडक. प्राण्यांना अजून कवचंही आली नव्हती तेव्हा उथळ समुद्रात चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसला, आणि पुढे बहुतेक ठिकाणी आडवाच राहिला. म्हणून तर सांध्यात पहार घातली की सपाट लादी सुटते. त्या भागात काही ठिकाणी त्याच्यावर आपला दख्खनचा काळा पाषाण येऊन बसलाय, तो जेमतेम ६.६ कोटी वर्षांचा! राष्ट्रीय भूवारशाच्या यादीत लोणार आहे, बंगळूरच्या लालबागेतला खडक आहे. ज्यावर अर्धा महाराष्ट्र पाट मांडून जेवला, तो दगड नाही.

तूरवाला: वारसा लांब बसून छान दिसतो. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथल्या कॅल्शियम-पोटॅशियमच्या जमिनीच्या जोरावर. फरशी काढायची तर आधी हीच माती उपसायची, मग फुटक्या लाद्यांचे ढीग शेजारच्या शेताकडेला. मागे उरतो पाण्याने भरलेला खड्डा. त्याला कठडाही नसतो. बुजवा आणि वर माती पसरा.

छिन्नी-हातोडा: माती आणणार कुठून? उपसलेली कधीच इकडेतिकडे झाली. पण ओसरीवाले, नुसती भिंत राखून काय कळणार? खरी कला थर ओळखून लादी न फोडता सोडवण्याची. मशीनकट आल्यापासून ते हात कमी होत चाललेत. राखायचंच असेल तर त्यांचं काम चित्रित करा, तेही लवकर.

मुद्द्याचं_बोला: हाच चुनखडक शेजारच्या वाडी नावाच्या गावी सिमेंटच्या भट्टीत जातो. दगडाची खरी किंमत तिथे आहे, आठवणींत नाही. फरशी मागे पडली कारण लोकांना चकचकीत टाइल हवी.

ओसरीवरचा: फरशी मागे पडायला संडासातलं ॲसिड ओतून ती 'स्वच्छ' करणारेही कारण आहेत. चुनखडक तो, ॲसिडने खाल्ला जाणारच. आणि हे फक्त आठवणींचं नाही. त्याच जिल्ह्यात सन्नतीजवळ कनगनहळ्ळीचा स्तूप आहे, चुनखडकाच्या कोरीव शिळांचा. 'राया असोको' असं नाव कोरलेलं अशोकाचं शिल्प तिथलंच, सातवाहन राजेही तिथे आहेत. म्हणजे या मुलखात चुनखडक काढून घडवण्याला दोन हजार वर्षं होऊन गेली.

तूरवाला: स्तूपावर कोरीव काम आहे, म्हणून पुरातत्त्व खातं बघतं. खड्ड्यात काय कोरलंय? आणि पैसा कुठला? जिल्हा खनिज निधी खाणबाधित लोकांसाठी आहे. आधी त्यांना पिण्याचं पाणी आणि दवाखाना, मग तुमची माहितीची पाटी.

ओसरीवरचा: पाणी-दवाखाना आधी, कबूल. पण मी एकच खाण मागतोय, बाकीच्या बुजवा. आणि त्या एकीला कठडा तर तुम्हालाही हवाच आहे ना? पाटी त्यालाच लावू.

छिन्नी-हातोडा: कन्नडमध्ये लावा म्हणजे झालं. खाणीत राबणाऱ्यांना मराठी पाटीचा काय उपयोग?