मदत हवी आहे: जुन्या स्कॉट्स भाषेतल्या (स्कॉटलंडची एक भाषा) 'केन' या क्रियापदाला मराठीत काय म्हणावं?

आजच्या स्कॉट्समध्ये 'केन' म्हणजे ठाऊक असणं, ओळखणं. तिथे अडचण नाही. १७०० पूर्वीच्या मजकुरात मात्र ते प्रयोजक अर्थानेही येतं: कळवणं, दाखवून देणं. मुळातलं जुनं इंग्रजी क्रियापद प्रयोजकच होतं, आपल्या कळणे-कळवणे जोडीतल्या 'कळवणे'सारखं.

खरी गाठ कायद्याच्या अर्थात बसते. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांश हिश्श्याचा हयातभर उपभोग मिळे, तो 'टर्स'. (१९६४च्या वारसा कायद्यानं तो संपला.) शेरिफ (तिथला स्थानिक न्यायाधीश) तिला त्या हिश्श्यावर 'केन' करी. सूर्याच्या बाजूनं, म्हणजे पूर्वेकडून मोजायचं की सावलीच्या, म्हणजे पश्चिमेकडून, हे चिठ्ठी टाकून ठरे. मग दोन एकर वारसाला, तिसरा विधवेला, असं शेवटपर्यंत.

इथे 'ओळखणे' वापरलं की 'विधवेला ओळखलं' असं भलतंच वाक्य होतं. 'देणे' घेतलं तर हक्कच शेरिफनं दिला असं वाटतं. हक्क तर आधीचाच, तो जमिनीवर फक्त निश्चित होतो. 'आखून देणे' बरंच जवळचं, पण त्यातून ताबा निसटतो.

जुनी वाटणीपत्रं वाचणाऱ्यांनी कृपया सांगा: मोजणी आणि ताबा दोन्ही पोटात घेणारं एखादं क्रियापद तिथे सापडतं का? सोबत पूर्ण वाक्य दिलंत तर विभक्ती तपासता येईल.