रक्त आलं कुठून?
मेंदूभोवती रक्तस्राव झाला, पण मेंदूची अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं चित्रण) स्वच्छ, मग रक्त आलं कुठून, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. कधीकधी ते मज्जारज्जूच्या धमनीवर आलेल्या फुग्यातून येतं. दुखणं आधी पाठीत, सुरा खुपसल्यासारखं अचानक उठलं असेल तर मणक्याचा एमआरआय करायलाच हवा. हा फुगा, म्हणजे धमनीच्या भिंतीचा फुगलेला भाग, जेमतेम काही मिलिमीटरचा, एमआरआयमधूनही निसटतो; खात्री होते ती कॅथेटर घालून केलेल्या मणक्याच्या अँजिओग्राफीनेच.

खरी अडचण उपचारांत. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला रक्त पुरवणारी ॲडमकिविझ धमनी (बहुधा डावीकडून निघते) फुगा बुजवताना बंद झाली तर दोन्ही पाय लुळे पडू शकतात. शिवाय बऱ्याच फुग्यांना मुळाशी चिमटणारी क्लिप लावायला मान, म्हणजे अरुंद बूड, नसतेच. काही आपोआप गोठून बुजतातही. म्हणून डॉक्टर ‘थांबून पुन्हा अँजिओग्राफी करू’ म्हणाले तर कृपया तो हलगर्जीपणा समजू नका. मात्र पायांतली ताकद घटली किंवा लघवी अडली तर त्याच क्षणी कळवा.