आरईडब्ल्यू आणि युमिकने खोली मोजतोय, पण बासचा ग्राफ पटत नाहीये, मदत हवीय

ठाणेकर_५१

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो, फ्लॅटमधली छोटी बेडरूम आता कायमची होम थिएटरला दिलीय. खोली १३ फूट बाय १० फूट, उंची साडेनऊ, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, डाव्या भिंतीला मोठी स्लायडिंग खिडकी. ५.१ सेटअप (पाच स्पीकर आणि एक सबवूफर), सबवूफर पुढच्या डाव्या कोपऱ्यात आणि सोफा खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर.

आता अडचण अशी की डायलॉग ऐकू येतात पण घुमतात, आणि बास काही सीनमध्ये घर हलवतो तर काही सीनमध्ये आहे की नाही तेच कळत नाही. ज्या दुकानातून सामान घेतलं त्यांनी सांगितलं की चारही भिंतींना दोन इंची फोम लावा, सगळं ठीक होईल, आणि कोटेशन दिलं ते आमच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढं. तेवढे पैसे घालायच्या आधी नक्की दुखणं काय आहे ते कळावं म्हणून मी युमिक-१ हा मोजमापाचा यूएसबी माइक घेतला आणि लॅपटॉपवर आरईडब्ल्यू, म्हणजे खोलीचा आवाज मोजायचं सॉफ्टवेअर, टाकलं.

लॅपटॉपची एचडीएमआय केबल टीव्हीला लावलीय, कारण रिसीव्हरची मागची बाजू कपाटात अडकलीय आणि हात जात नाही, टीव्हीतून एआरसीने, म्हणजे एचडीएमआयमधूनच उलट्या वाटेने, आवाज रिसीव्हरला जातो. आरईडब्ल्यूमध्ये फक्त लेफ्ट आणि राइट दिसतं, सेंटर निवडताच येत नाही. लेफ्टचा स्वीप (खालपासून वरपर्यंत चढत जाणारा चाचणीचा सूर) लावला की सेंटरमधून पण आवाज येतो, मागच्यातून पण. आणि सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे १०० हर्ट्झच्या खाली ग्राफ सरळ दरीत पडतो, म्हणजे ग्राफप्रमाणे माझ्याकडे सब नाहीच, आणि इकडे स्वीप चालू असताना खिडकीची काच थरथरतेय. तीन रात्री यातच गेल्या. कुठे चुकतंय?

नेरूळवाला

भावा, फोमचं कोटेशन बाजूला ठेव आधी, त्याकडे नंतर येऊ.

पहिलं काम, कुठला माइक ऐकतोय ते बघ. आरईडब्ल्यूमधलं एसपीएल मीटर (आवाजाची पातळी दाखवणारं) चालू कर, युमिकच्या जाळीवर नखाने हलकं खरवड, मग लॅपटॉपच्या कीबोर्डवर खरवड. कीबोर्डवर आकडा उडाला तर तू लॅपटॉपच्या आतल्या माइकने मोजतोयस. तुझ्या लक्षणांवरून मला तरी हेच वाटतंय. आतले माइक बोलण्यासाठी असतात, खालचा बास मुद्दाम कापलेला असतो, वरून नॉइज सप्रेशन चालू असेल तर सलग चालणारा स्वीप त्याला पंख्याचा आवाज वाटतो आणि तो दाबून टाकतो. म्हणून काच थरथरतेय आणि ग्राफ रिकामा.

प्रेफरन्सेसमध्ये इनपुट म्हणून युमिक निवड. दिसत नसेल तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप्सना माइकची परवानगी आहे का बघ (मॅकवाल्यांनाही हीच परवानगी द्यावी लागते, नाहीतर माइक लावलेला असून इनपुट शून्य येतो). एन्हान्समेंट्स सगळ्या बंद. सॅम्पल रेट इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ, कारण युमिक-१ त्याच रेटवर चालतो. माइकची लेव्हल एकदा ठेवली की नंतर हलवायची नाही.

दुसरं, टीव्ही मधून काढ. हे ऐकायला कंटाळवाणं आहे पण ते कपाट पुढे ओढच. लॅपटॉपवरून थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला. टीव्ही मध्ये असला की बहुतेक वेळा लॅपटॉपला फक्त स्टिरिओ दिसतं, वर टीव्हीची स्वतःची साउंड प्रोसेसिंग मिसळते, मग तू खोली मोजतोयस की टीव्ही तेच कळणार नाही. लॅपटॉपला नुसतं टाइप-सी असेल तर त्या पोर्टातून डिस्प्ले निघतो का ते आधी तपास, काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटापुरते असतात. थेट जोडलंस की विंडोजला रिसीव्हर दुसरा डिस्प्ले म्हणून दिसेल, साउंड सेटिंगमध्ये तो निवडून कॉन्फिगरमध्ये ५.१ कर. आरईडब्ल्यूमध्ये जावा ड्रायव्हर ठेवून आउटपुटच्या यादीत ज्याच्या नावापुढे ईएक्ससीएल लिहिलंय तो घे, सगळे चॅनल दिसतील. नाहीच जमलं तर एएसआयओ-फोर-ऑल टाकायचं, तो युमिक आणि एचडीएमआय दोघांना एका ड्रायव्हरखाली आणतो. तिथे चॅनलला नुसते नंबर असतात, ३ म्हणजे सेंटर, ४ म्हणजे एलएफई, सबचा खास बासचा चॅनल.

आणि लेफ्टचा स्वीप सगळीकडून येतोय त्याचं कारण रिसीव्हर. तो स्टिरिओ आला की स्वतःच पसरवून पाच स्पीकरला देतोय. मल्टिचॅनल सिग्नल जायला लागला की सराउंड मोड बंद करून साध्या मोडवर ठेव. फक्त प्युअर डायरेक्टवर नको, बऱ्याच रिसीव्हरमध्ये त्यात बास मॅनेजमेंटच बंद होतं आणि मग सबला काही जातच नाही.

एलएफईवर स्वीप देताना आवाज आधी कमी कर. तो चॅनल बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल वर वाजतो, मी पहिल्यांदा लावला तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका वर आले होते.

ऐरोलीची_ताई

वायरिंगचं वरती आलंच आहे, मी माइकबद्दल लिहिते कारण तिथेच बऱ्याच जणांचं मोजमाप फसतं.

युमिकवर सिरियल नंबर असतो, तो मिनीडीएसपीच्या साइटवर टाकला की त्याच माइकची कॅलिब्रेशन फाइल (माइकच्या चुका भरून काढणारी) मिळते. दोन फाइली असतात, एक शून्य अंशाची, एक ९० अंशाची. माइक स्पीकरकडे रोखून ठेवणार असाल तर शून्यवाली, छताकडे उभा ठेवणार असाल तर ९०वाली. तुमचे स्पीकर चारही बाजूंना आहेत, तेव्हा माइक छताकडे आणि ९० अंशाची फाइल, म्हणजे प्रत्येक स्पीकरला माइक फिरवत बसायला नको. बासमध्ये या दोन फाइलींत फरक नाही, वरच्या फ्रिक्वेन्सीत मात्र चुकीची फाइल लावली तर ट्रेबल आहे त्याहून वेगळाच दिसतो, आणि मग माणूस चांगल्या स्पीकरला दोष देत बसतो. फाइलीत माइकची सेन्सिटिव्हिटी पण लिहिलेली असते म्हणून एसपीएल वेगळं कॅलिब्रेट करावं लागत नाही.

माइक सोफ्यावर उशीत खोचून ठेवू नका हो. स्टँड घ्या, बसल्यावर कान जिथे येतो तिथे जाळी आली पाहिजे, आणि सोफ्याच्या पाठीपासून वीतभर तरी पुढे. पंखा बंद, एसी बंद. पंख्याचा वारा थेट माइकवर आला की खालच्या बाजूला खोटा गडगडाट येतो.

आवाज साधारण ७५ डेसिबल, स्वीप १५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. नेहमीची लांबी २५६के असते, म्हणजे साडेपाच सेकंदांचा स्वीप. घोडबंदरला रात्री ट्रक सुरू होतात आणि त्यांचा घरघराट नेमका ३०-४० हर्ट्झच्या आसपास बसतो, म्हणून रात्रीपेक्षा पहाटे पाच-साडेपाचला, दूधवाला यायच्या आत करून बघा. तेही जमत नसेल तर १एमचा स्वीप घ्या, बावीसेक सेकंद चालतो. लांबी दुप्पट केली की बाहेरच्या आवाजापासून साधारण ३ डेसिबल सुटका मिळते, इथे चौपट म्हणजे सहा.

आणि ग्राफचा स्क्रीनशॉट नको, एमडीएटी (आरईडब्ल्यूची मोजमाप साठवणारी) फाइल अपलोड करा, म्हणजे आम्हाला उघडून सगळंच बघता येईल.

ठाणेकर_५१

दादा, ताई, खूप आभार दोघांचे. नखाची युक्ती केली आणि कीबोर्डवर आकडा उडाला! तीन रात्री मी लॅपटॉपचाच माइक मोजत होतो.

रविवारी मेव्हण्याला बोलावून कपाट ओढलं, केबल थेट लावली, आता सगळे चॅनल वेगवेगळे वाजतायत. आज पहाटे पाच वीसला मोजलं. सब दिसतोय. पण ४३ हर्ट्झला मोठा खड्डा आहे, आजूबाजूपेक्षा १४ डेसिबल खाली. रिसीव्हरच्या इक्वलायझरमधून सबला तिथे ९ डेसिबल वाढवून पाहिलं, ग्राफ जेमतेम २ डेसिबल वर आला आणि सबचा लाल दिवा लागायला लागला, तेव्हा लगेच परत काढलं. हा खड्डा सबचा दोष आहे का? की इथे खरंच फोम लागणार? फाइल जोडलीय.

नेरूळवाला

फाइल बघितली. सब चांगला आहे, त्याला हात लावू नकोस.

५६५ ला खोलीच्या लांबीने भाग, फुटांत. ५६५ भागिले १३, साडेत्रेचाळीस. हा तुझ्या खोलीचा लांबीचा पहिला मोड, म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींत आपटून जी फ्रिक्वेन्सी घुमते ती. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याचं निम्मं ५६५, एवढंच गणित आहे. या मोडला दोन्ही टोकाच्या भिंतींपाशी दाब सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर शून्य. तू सोफा कुठे ठेवलायस? मध्यावर, साडेसहा फुटांवर. म्हणजे अख्ख्या खोलीत ४३ हर्ट्झ जिथे मरतं तिथेच जाऊन बसलायस, आणि भिंतीपाशी तेच धबाधब वाजतंय. मोजायची पण गरज नाही, स्वीप लाव आणि पाठीमागच्या भिंतीला कान लावून बघ.

म्हणून इक्वलायझरने भरत नाही. जेवढं ढकलशील तेवढंच परतून येऊन एकमेकाला खातं, मध्ये अ‍ॅम्प आणि सब दमतात. उंचवटा असेल तर इक्वलायझरने खाली आणता येतो, असा खड्डा नाही.

आता फोम. ४३ हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वीस फूट, तिचा पाव भाग साडेसहा फूट. दोन इंचाचा फोम तिच्यापुढे काय करणार? तो वरचा आवाज शोषेल, टाळीची खणखण कमी करेल, पण बास आहे तसाच राहील आणि उलट खोली जड, कोंदट वाटायला लागेल. चारही भिंतींना फोम लावून मग बास घुमतो म्हणून वैतागलेली घरं मी बघितलीत, खूप वाईट वाटतं कारण पैसे गेलेले असतात.

सोफा दोन फूट मागे घे, साडेआठवर. पावणेदहापर्यंत नेऊ नकोस, तिथे दुसऱ्या मोडचा, ८७ हर्ट्झचा खड्डा आहे. फुकटात होतंय, आधी हे कर आणि परत मोज.

ऐरोलीची_ताई

सोफा हलवा, मग घुमणाऱ्या डायलॉगकडे बघू. तुमच्या फाइलीत सेंटरचा ईटीसी ग्राफ (आवाज केव्हा केव्हा पोचला ते दाखवणारा) उघडला तर पहिल्या टोकानंतर १ मिलीसेकंदावर दुसरं उंच टोक आहे. कुठून तरी परत आलेला आवाज आहे तो. एक मिलीसेकंदात आवाज सव्वा फुटापेक्षा थोडा कमी जातो, म्हणजे तो सरळ वाटेपेक्षा साडेतेरा इंच जास्त फिरून आलाय.

आता शिवणाचा दोरा घ्या. स्पीकरपासून माइकपर्यंतचं अंतर अधिक साडेतेरा इंच एवढा कापा, एक टोक सेंटर स्पीकरला चिकटवा, दुसरं माइकच्या जाळीपाशी. मध्ये चिमटीत धरून दोरा ताणा आणि फिरवत फिरवत बघा कुठल्या पृष्ठभागाला बरोबर टेकतो. भिंत, खिडकी, छत, टीपॉय, जिथे टेकेल तिथून तो आवाज येतोय. तिथे घरातली जाडातली जाड गोधडी टांगून पुन्हा मोजा, टोक खाली आलं तर पॅनल फक्त तिथेच लावायचं. सोफा हलवल्यावर अंतर बदलेल, म्हणून हे नंतरच करा.

ठाणेकर_५१

अपडेट. सोफा साडेआठ फुटांवर नेला, आज पहाटे पुन्हा मोजलं, ४३ चा खड्डा १४ वरून ५ डेसिबलवर आला. तिथे पहिल्यांदा छातीत बास जाणवला, खरं सांगतो, एकटाच बसून हसत होतो. ५६ च्या आसपास एक उंचवटा राहिलाय, तो रुंदीचा मोड दिसतोय, ५६५ भागिले १० केलं तर साडेछप्पनच येतंय. तो इक्वलायझरने ४ डेसिबल खाली घेतला.

दोरा आईने धरला माइकच्या बाजूने, मी भिंतीच्या. नव्या जागेवर टोक पाऊण मिलीसेकंदाला होतं, म्हणून दहा इंच जास्त दोरा घेतला. मला वाटलेलं खिडकीच असणार, पण काचेपर्यंत दोरा पोचलाच नाही, टेकला तो सोफ्यापुढच्या काचेच्या टीपॉयला. टीपॉय बाहेर नेऊन मोजलं आणि ते टोक गेलंच. गोधडी टांगायची वेळ आली नाही. आई म्हणाली आता तो टीपॉय हॉलमध्येच राहू दे.

डायलॉग खूप सुटे झालेत. खिडकीला जाड पडदा शिवायला टाकतोय, टाळी वाजवली की तिथून अजून खणखण येते. फोमवाल्यांना आज फोन करून नाही सांगितलं. आधीची आणि नंतरची दोन्ही एमडीएटी जोडतोय, ताई, मागच्या दोन स्पीकरचं डिस्टन्स सेटिंग जमल्यास एकदा बघाल का? रिसीव्हरने उजव्याला ६ फूट दिलंय आणि टेपने मोजलं तर साडेचारच भरतंय.