चिलखत, बख्तर, जिरेटोप: कड्यांचं कुठलं आणि पत्र्याचं कुठलं?

प्रश्न

आजच्या स्वीडनमधल्या गॉटलंड बेटावर १३६१ साली झालेल्या विस्बीच्या लढाईवर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. २७ जुलैला डेन्मार्कचा राजा वाल्डेमार चौथा याच्या सैन्याने शहराच्या तटाबाहेर बेटावरच्या शेतकऱ्यांची कत्तल केली. शहराने त्या शेतकऱ्यांसाठी दरवाजे उघडले नाहीत. उन्हाळ्याचे दिवस होते, म्हणून मेलेल्यांना घाईने, बऱ्याच जणांना अंगावरच्या लोखंडासकट, मोठ्या खड्ड्यांत पुरलं. १९०५ पासून तिथे खोदकाम झालं आणि ११८५ जणांचे अवशेष सापडले.

अडचण शब्दांची आहे. अंगावर काय काय होतं ते इंग्रजी लेखनात वेगवेगळ्या शब्दांनी येतं: मेल, कोट ऑफ प्लेट्स, कॉइफ, गॅम्बेसन. माझ्या मसुद्यात मात्र एकाच परिच्छेदात ‘चिलखत’ सहा वेळा आलं आहे आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. मराठीत हे वेगवेगळं सांगता येईल का?

प्रतिसाद

येईल, आणि सांगायलाच हवं. तुमच्या लेखाचा जीवच त्यात आहे.

‘चिलखत’ हा शब्द मराठी माणसाला बहुधा अफजलखानाच्या भेटीमुळे ठाऊक असतो. महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, ही गोष्ट चौथीच्या वर्गापासून आपल्या मनात आहे. त्या ‘अंगरख्याखाली’ शब्दाकडे जरा थांबून पाहा. कपड्याआड लपतं, अंगासरशी वळतं आणि ते घालून माणूस मिठी मारू शकतो, असं ते चिलखत आहे. म्हणजे ते कड्यांचं. युरोपातल्या पंधराव्या शतकातल्या सरदाराचा पोलादी पोशाख अंगरख्याखाली मावणार नाही. म्हणून नुसतं ‘चिलखत’ लिहिलं तर ते ‘मेल’साठी लिहावं, असं माझं मत आहे.

‘मेल’ हा शब्दही मुळात जाळीचाच. लॅटिनमधल्या ‘मॅक्युला’चा एक अर्थ जाळ्याचं भोक. त्यावरून फ्रेंच ‘माय’ आला आणि तिथून इंग्रजी ‘मेल’. लोखंडाची तार ओढायची, दांड्याभोवती वेटोळी घालून तोडायची, प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवायची आणि तोंडं चपटी करून त्यांत बारीक रिवेट मारायचा. एका सदऱ्याला अशा हजारो कड्या लागतात. हे कापडासारखं कसं वागतं ते फ्रान्समधल्या बायो गावच्या प्रसिद्ध चित्रमय भरतकामात फार छान दिसतं. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंडवर केलेल्या, हेस्टिंग्जच्या लढाईपर्यंत गेलेल्या स्वारीची तयारी चालू आहे आणि माणसं चिलखतं बाह्यांमधून दांडी घालून, दोघंदोघं मिळून, खांद्यावरून नेत आहेत. खालच्या काठावर मेलेल्यांच्या अंगातून चिलखत काढताना दाखवलं आहे. आपण सदरा डोक्यावरून ओढून काढतो, अगदी तसंच.

चिलखताची उणीव मात्र लिहायला विसरू नका. तलवारीची धार ते अडवतं, पण घावाचा धक्का आत पोचतो. कडी शाबूत राहते आणि हाड मोडतं. म्हणून त्याच्या जोडीला जाड, भरीव काहीतरी लागतंच. तेच तुमचं गॅम्बेसन. त्याला आपल्याकडे शब्द आहे: डगला. आज डगला म्हणजे कुठलाही कोट, पण कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा हा त्याचा जुना अर्थ. वाचकाला तो लागणार नाही असं वाटलं तर पहिल्यांदा ‘गोधडीसारखा थरावर थर घालून टाचलेला डगला’ असं लिहा, पुढे नुसतं ‘डगला’ चालेल. असा कपडा काय करू शकतो याची साक्ष शत्रूकडूनच मिळते. ११९१ साली, तिसऱ्या धर्मयुद्धात, इंग्लंडचा राजा रिचर्ड याचं सैन्य पॅलेस्टाइनमधल्या आक्र्या बंदराहून किनाऱ्याने दक्षिणेला निघालं, तेव्हा त्याच्या विरोधात लढणारा सुलतान सलाहुद्दीन याच्या बाजूचा इतिहासकार इब्न शद्दाद हे सगळं पाहत होता. जाड नमदा (दाबून घट्ट केलेली लोकर) आणि वर चिलखत घातलेले फिरंगी पायदळवाले, कुणाच्या अंगात एक तर कुणाच्या अंगात दहा बाण रुतलेले, तरी रांग न मोडता चालत होते, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

दुसरा प्रतिसाद

वरचं सगळं वाचनीय आहे, पण मूळ सूचना मला पटत नाही. आपण ‘चिलखती गाडी’ म्हणतो, ‘चिलखती दल’ म्हणतो. त्या गाडीला कड्या कुठे असतात? जाड पोलादी पत्राच असतो. म्हणजे शब्द कधीच पत्र्यापर्यंत पोचला आहे. आता त्याला मागे ओढून कड्यांत अडकवणं कृत्रिम वाटतं. शिवाय ‘कवच’ आहेच की. सगळ्यासाठी ‘कवच’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

प्रतिसाद

चिलखती गाडीचा मुद्दा मान्य. म्हणून माझं म्हणणं थोडं बदलतो: ‘चिलखत’ सर्वसाधारण शब्द राहू द्या, पण जिथे दोन प्रकार शेजारी येतात तिथे ‘कड्यांचं’ किंवा ‘पत्र्याचं’ हे विशेषण गाळू नका.

‘कवच’ मात्र या लेखात नको. कर्णाची कवचकुंडलं, देवीकवच, विम्याचं सुरक्षा कवच, नारळाचं कवच, इतक्या ठिकाणी फिरून आलेल्या या शब्दात लोखंडाचं वजन उरलेलं नाही. संस्कृतातला दुसरा शब्द ‘सन्नाह’ मराठीत कुणी वापरत नाही, पण त्याचाच भाऊबंद ‘सन्नद्ध’ आपण रोज वापरतो. सन्नद्ध म्हणजे मुळात अंगावर चिलखत बांधलेला. ‘लढायला सन्नद्ध’ म्हणताना आपण हेच म्हणत असतो, हे मला फार आवडतं.

आता ‘बख्तर’. फारसीत ‘जिरह’ म्हणजे कड्यांचं विणकाम, आणि ‘जिरहबख्तर’ म्हणजे कड्यांच्या मध्ये लोखंडी पट्ट्या बसवलेला सदरा. मोगल काळातले असे सदरे आजही पाहायला मिळतात. तेव्हा ‘बख्तर’ म्हटलं की पट्टी आली. नखशिखान्त पोलादी पोशाखासाठी ‘पत्र्याचं बख्तर’ लिहायला माझी हरकत नाही. मिलान आणि ऑग्जबर्ग इथले कारागीर त्यासाठी नावाजलेले होते. त्याचं वजन साधारण २० ते २५ किलो, पण ते अंगभर वाटलेलं असे. त्यामुळे माणूस त्यात धावू शके, घोड्यावर चढू शके. फ्रान्सचा मार्शल बूसिको बख्तर घालून शिडीच्या खालच्या बाजूने नुसत्या हातांवर चढत असे, असं त्याच्या चरित्रात आहे. तोच बूसिको १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला.

तुमच्या विस्बीत हे पूर्ण बख्तर नाही. तिथे त्याच्या आधीची पायरी आहे: चामड्याच्या किंवा कापडाच्या आतल्या बाजूला रिवेटांनी ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या. बाहेरून बघणाऱ्याला रिवेटांची डोकी तेवढी दिसत. हाच तुमचा कोट ऑफ प्लेट्स. याला ‘पट्ट्यांची बंडी’ म्हणा. बंडी बिनबाह्यांची, अंगाला बेताची. रूप बरोबर जुळतं.

प्रश्नकर्ती

बंडी एकदम पसंत. कॉइफ राहिलं. डोकं, कान, गळा झाकून खांद्यावर उतरणारी कड्यांची टोपी. ‘जिरेटोप’ चालेल का? ‘जिरे’ म्हणजे तोच ‘जिरह’ ना?

प्रतिसाद

हो, तोच. जिरेटोप म्हणजे ज्याला कड्यांची झालर आहे असा टोप. अर्थाने पाहिलं तर इंग्लंडमधल्या कँटरबरीला, चौदाव्या शतकातला राजपुत्र ‘ब्लॅक प्रिन्स’ याच्या थडग्यावरच्या पुतळ्याने जे घातलं आहे, टोकदार पोलादी टोप आणि त्याखाली गळ्याभोवती कड्यांची झालर, तो शब्दशः जिरेटोप आहे. पण आज जिरेटोप म्हटलं की मोत्यांचा तुरा लावलेले महाराजच समोर येतात, आणि ते योग्यही आहे. त्या प्रतिमेवर विस्बीचा शेतकरी बसवू नका. नुसतं ‘जिरे’ तर वाचक मसाल्याचंच समजेल.

कॉइफला मी ‘कुंची’ म्हणेन. बाळाच्या डोक्यावरून पाठीवर उतरते ती.

प्रश्नकर्ती

कुंची वाचून क्षणभर बरं वाटेना. मग त्या खड्ड्यांची छायाचित्रं पुन्हा पाहिली. खड्ड्यांत पोरवयातली मुलं आहेत, म्हातारे आहेत, आणि पुष्कळांच्या घोट्यावर-नडगीवर वार आहेत, कारण तिथे अंगावर काहीच नव्हतं. शब्द तोच ठेवते. परिच्छेद आता असा आहे:

‘काही कवट्यांवर कड्यांची कुंची अजून तशीच होती. काहींच्या छातीवर बंडीचं चामडं कुजून गेलं होतं आणि पट्ट्या मात्र होत्या तिथेच, बरगड्यांवर गंजून चिकटल्या होत्या. डगले कुणाचेच उरले नव्हते.’